डाव्या आरशातला पिवळा दिवा

बसा रे दोघं. घाट बंद आहे आणि सकाळपर्यंत तो काही उघडत नाही. खिडकीतून सारखं वाकून बघितलं म्हणून बर्फ थांबत नसतो. मनवीर, कॉफी भरून आण. आणि टॅविश, तू मघाशी काउंटरपाशी काय अकलेचे तारे तोडत होतास? परत सांग बघू, या म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही.

"एवढंच म्हणालो वॉसिल, की ट्रेलरचा पिवळा दिवा पेटून राहिला तर त्यावर काळी टेप लावायची. तपासणीवाल्याला दिसत नाही. गाडी काय दिव्यावर चालते?"

"वा! आणि हे तुला शिकवलं कुणी?"

"सगळेच करतात."

सगळेच करतात. बरं. मग मला सांग, तो दिवा असतो कुठे? ट्रेलरच्या डाव्या अंगाला, पार मागे, आरशात दिसेल असा. चावी फिरवली की पेटतो. दोन-तीन सेकंद राहतो आणि विझतो. पेटला म्हणजे दिवा जिवंत आहे. विझला म्हणजे बर्फावर ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी ती यंत्रणा शाबूत आहे. पेटूनच राहिला तर यंत्रणा बिघडलीय. इथवर तुलाही ठाऊक आहे. पण मुळात पेटलाच नाही तर?

"तर दिवा गेला असेल," मनवीर म्हणाला.

किंवा सगळंच गेलं असेल. अंधार दोन्हीकडे सारखाच दिसतो, बाळा. धडधाकट ट्रेलरचा दिवाही विझलेला आणि मेलेल्या ट्रेलरचाही विझलेला. म्हणून तर आधी तो पेटलेला बघायचा असतो.

"अंकल, हे भाषण आहे की गोष्ट?" मनवीरनं विचारलं.

गोष्ट आहे. घडलेली आहे. ओरेस्टची. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, पण आम्ही दोघं एका गावचे, तिकडे सस्कॅचवानच्या सपाटीवरचे. चर्चमध्ये त्याचं लग्न लागलं तेव्हा मी त्याच्या शेजारी उभा होतो. बायको ल्युबा. दोघं मिळून एकच ट्रक चालवायचे. एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मागच्या बिछान्यात झोपलेला. एकवीस वर्षं असा संसार केला त्यांनी. मी त्याला म्हणायचो, अरे, तुमची दोघांची गाठ पडते तरी कधी? तो म्हणायचा, डिझेल भरताना.

ल्युबाची एक खोड होती. चालत्या गाडीत तिला झोप येत नसे, म्हणजे सहजासहजी येत नसे. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. निघायच्या आधी ती पुढे बसून चावी फिरवायची. ओरेस्ट ट्रेलरच्या मागे उभा राहून दिवा पेटलेला बघायचा, विझलेला बघायचा, आणि पत्र्यावर दोन थापा मारायचा. धप्, धप्. त्या थापा ऐकल्या की ल्युबा बिछान्यात शिरायची आणि दगडासारखी झोपायची. तिचा त्या थापांवर भरवसा होता. नवऱ्यावर होता म्हणा ना, एकच ते.

तर तीन वर्षांमागची गोष्ट. नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार. काम साधं होतं. कूटनेच्या डोंगरातून ख्रिसमसची झाडं भरायची आणि किनाऱ्यावरच्या आमच्या चर्चच्या मैदानात शुक्रवारी सकाळी उतरवायची. झाडं विकून चर्चच्या छपराचं काम व्हायचं होतं. भाडं फार नव्हतं, पण पाद्रीबाबांना शब्द दिलेला.

तिकडे पोचले आणि त्यांच्या ट्रेलरच्या मागच्या दाराची बिजागरी तुटली. झाडवाल्यानं शेजारच्या आवारातून दुसरा ट्रेलर मिळवून दिला. जुना, पांढरा, कडेनं गंजलेला. झाडं त्यात चढवेपर्यंत संध्याकाळ उलटून गेली. ल्युबा पहाटेपासून चालवत आली होती, अंगात कसकस होती. तिला ओरेस्टनंच बिछान्यात घातलं, वर दोन पांघरुणं टाकली, आणि एकटा खाली उतरून ट्रेलर जोडायला लागला. हवेच्या नळ्या जोडल्या, विजेची तार लावली, टायर बघितले. सगळं रीतसर.

मग चावी फिरवली. आरशात बघितलं.

मागे काळोख. बर्फ भुरभुरत होता. दिवा काही दिसला नाही.

त्यानं मनाशी म्हटलं, दिव्याच्या काचेवर बर्फ चिकटला असेल. किंवा मी बघेपर्यंत विझला असेल. समोरच्या फळीवर ट्रेलरचा म्हणून एक दिवा असतो, तोही पेटला नाही. म्हणजे तक्रार नाही. तुम्हीही असंच म्हटलं असतं. पण फळीवरचा तो दिवा मागून खबर आली तरच पेटतो. मागची यंत्रणाच मेलेली असेल, तर खबर देणार कोण?

उतरून मागे जायचं, दिवा पुसायचा, परत येऊन चावी फिरवायची, पुन्हा मागे धावायचं. पडत्या बर्फात आरशावर विसंबता येत नाही, आणि दोन-तीन सेकंदांत मागे पोचणं एकट्या माणसाला जमत नाही, दुसरं माणूस लागतं. आणि दुसरं माणूस तापानं फणफणून नुकतं डोळा लावत होतं.

पडद्याआडून ल्युबानं झोपेतच विचारलं, "थापा मारल्यास?"

"मारल्या."

"मला ऐकू नाही आल्या."

"तुझ्या कानात ताप भरलाय. झोप."

ती झोपली.

एवढंच खोटं बोलला तो. बायकोला झोप लागावी म्हणून. याहून मोठं खोटं माणसं रोज पचवतात. पण हे खोटं ट्रकमध्ये बोललेलं होतं, आणि पुढे सोरेलचा घाट होता.

सोरेल तुम्हाला माहीत आहे. चढ लांब, उतार त्याहून लांब, आणि उतारावरचं तिसरं वळण असं की दिवसासुद्धा जीभ टाळ्याला चिकटते. वर ओझं म्हणजे झाडं. दिसायला ट्रेलर गच्च, वजनाला काहीच नाही. हलका ट्रेलर बर्फावर किती बेभरवशाचा असतो ते मी काय सांगू. चाकं जाम झाली की मागचा भाग पुढच्याला ओलांडायला धावतो. आणि त्या दोघांच्या मधे असते ती कॅब. कॅबमध्ये बिछाना.

पावणेबाराला तो घाटाला लागला. रेडिओवर कुणीतरी हॉकीचं रडगाणं गात होतं, हिवाळ्याचे पहिले सहा आठवडे आमचा संघ जसा खेळतो तसा खेळला होता. ल्युबा मागे घोरत होती. ओरेस्ट खुशीत होता म्हणे. थर्मासमधली कॉफी होती, ल्युबानं बांधून दिलेली पेरोही, म्हणजे आमच्याकडच्या बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, तीही होती, थंडगार, पण होती.

निम्मा चढ सरला. त्यानं डाव्या आरशात सहज नजर टाकली.

मागे पिवळा ठिपका.

दोन-तीन सेकंद. मग विझला.

त्याला वाटलं, मागून गाडी आली. पण मागे गाडी नव्हती. एवढ्या रात्री, एवढ्या बर्फात कोण येतंय. रस्ता पार खालपर्यंत काळा होता. फळीवर बघितलं. फळीवर काही नाही.

पुढच्या वळणावर पुन्हा. पेटला. दोन-तीन सेकंद. विझला.

"मग काय," टॅविश म्हणाला, "तार कुठेतरी सैल असेल."

ओरेस्टही तेच म्हणाला. सैल तार. खड्ड्यात आपटली की लागते, सुटते. त्यानं रेडिओ बंद केला. का केला ते त्यालाही सांगता येत नाही.

माथ्यावर ट्रकांसाठी ब्रेक तपासायची जागा आहे. कडेला घेऊन थांबायचं, उतरून गाडीभोवती फिरायचं, मगच उताराला लागायचं. फलक लावलाय, नियम आहे. आणि रात्री कुणी नसलं की आपण काय करतो? आत वळतो, वेग कमी करतो, आणि दुसऱ्या तोंडानं सरळ बाहेर. थांबल्यासारखं करायचं. मान खाली घालू नका, मी काय पोलीस आहे?

ओरेस्टही तसाच निघाला होता. आत वळला. जागा सगळी रिकामी, पांढरी. बाहेरचं तोंड समोर दिसत होतं, त्यापलीकडे उतार.

आणि आरशात दिवा पेटला.

दोन सेकंद. तीन. चार…

विझेना.

डाव्या बाजूला बर्फाची भिंत होती, बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीनं लोटलेली. त्या भिंतीवरून तो पिवळा उजेड गाडीबरोबर सरकत होता. गाडी हळू, तर उजेड हळू. ओरेस्टनं ब्रेक लावला. बाहेरच्या तोंडापासून पंधरा-वीस पावलांवर गाडी उभी राहिली.

उजेड गेला.

तो थोडा वेळ बसून राहिला. मागे ल्युबा घोरत होती. मग त्यानं इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात टाकली. गाडीखाली वाकायचं तर चावी खिशात, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. विजेरी घेतली आणि उतरला.

वारा नव्हता. बर्फ सरळ खाली पडत होता. ट्रेलरच्या कडेनं तो मागे चालत गेला. दिवा होता तिथेच, काचेवर बर्फ थापलेला. हातमोज्यानं पुसला. काच शाबूत. थंड. त्यानं बोटानं टकटक केलं.

दिवा पेटला.

तो दचकला आणि मग हसला. दोन-तीन सेकंदांनी दिवा विझला. अगदी जसा विझायला हवा तसा. त्याच्या लक्षात आलं, ल्युबा उठली. इंजिन बंद झालं की तिला जाग येतेच. पुढे येऊन बसली असेल आणि फिरवली असेल चावी. बिचारी. ताप असून.

त्याला फार बरं वाटलं म्हणे. खोटं बोललो होतो ते आता भरून निघालं, असं वाटलं. त्यानं पत्र्यावर दोन थापा मारल्या. धप्, धप्.

दिवा पुन्हा पेटला. विझला.

"झालं गं, दिसला!" तो ओरडला. "जा, झोप जा!"

पुन्हा पेटला. विझला.

"ल्युबा, पुरे आता!"

पुन्हा.

त्यानं वैतागून हात खिशात घातला.

…

चावी खिशात होती.

मनवीर, मागे काय बघतोस? दार बंद आहे. बस.

चावी खिशात. एकच चावी. दुसरी घरी, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला.

ओरेस्ट उभा राहिला. हाका मारायचं थांबला. दिवा विझलेला होता. बर्फ पडत होता, आणि बर्फाला आवाज नसतो. त्यानं विजेरी विझवली. का? ठाऊक नाही. कुणाला दिसू नये म्हणून असेल.

मग दिवा पेटला. आणि राहिला.

सगळा बर्फ पिवळा झाला. भिंत. रस्ता. त्याचे स्वतःचे हात. ट्रेलरची लांब कड पिवळी, आणि कडेच्या शेवटी, पुढे, ड्रायव्हरचा आरसा.

आपल्यात म्हणतात ना, मागे उभं राहून आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं, तरच त्याला तू दिसतोस. नव्या पोरांना पहिलं हेच सांगतात.

ओरेस्टनं आरशात बघितलं.

…

"काय दिसलं?"

ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. तू एकदा त्याचा चेहरा बघ, तूही विचारणार नाहीस.

पण आत ल्युबा होती. तापात, झोपेत, एकटी. आणि पुढे जे काही होतं, त्याच्यात आणि तिच्यात फक्त एक पडदा. तो पळाला नाही, हे त्याच्या नावावर लिहून ठेवा. डाव्या बाजूनं, ड्रायव्हरच्या दाराकडून, जायची त्याची छाती झाली नाही. ट्रेलरला मागून वळसा घातला, उजव्या अंगानं पुढे आला, उजवं दार उघडलं.

आत काळोख. झाडांचा वास. घोरणं… नाही.

घोरणं थांबलेलं होतं.

त्यानं पडद्यात हात घातला. पाय लागला. गरम. वर सरकला. खांदा. कपाळ.

ल्युबानं कूस बदलली आणि पुन्हा घोरायला लागली.

ओरेस्ट शेजारच्या सीटवर मटकन बसला. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. रिकामीच होती. त्यानं तिकडे फार वेळ बघितलं नाही.

आता मनात एकच. निघायचं. चावी लावायची आणि खाली, गावात, दिव्यांत, माणसांत. उतार संपला की गाव. अर्ध्या तासाचं काम. त्यानं चावी खिशातून काढली. हातात धरली.

पण गाडी चालवायची तर त्या सीटवर बसावं लागणार.

त्यानं हात पुढे केला. मागे घेतला. पुन्हा पुढे केला. सीटच्या पाठीला बोटं लागायच्या आधीच पुन्हा मागे घेतला. तसाच बसला. एक वाजला. दोन वाजले. थंडी कॅबमध्ये शिरली, तेव्हा त्यानं स्वतःचा कोट काढून ल्युबावर टाकला. तिची पांघरुणाबाहेर आलेली पावलं मांडीवर घेऊन चोळत राहिला. शेजारी बघायचं नाही. चावी मुठीत. लहानपणी आजीनं शिकवलेली प्रार्थना अर्धीच आठवत होती, तेवढीच पुन्हा पुन्हा.

डाव्या खिडकीबाहेरचा बर्फ पिवळा होता. उजाडेपर्यंत.

सकाळी वाळू टाकणारी गाडी खालून वर आली. तिच्या ड्रायव्हरनं ओरेस्टला बघून काच खाली केली. म्हणाला, "रात्री इथेच थांबलात? शहाणे आहात. चारपर्यंत तिसरं वळण नुसती काच होती. माझीच गाडी वाळूसकट घसरली."

त्यानंच बिनतारी फोनवरून खालच्या मेकॅनिकला बोलावलं. मार्नी नावाची बाई आहे, तुम्ही तिची पिवळी व्हॅन बघितली असेल. ती आली ती पाठीवर पडून सरळ ट्रेलरखाली सरकली आणि तिथूनच बोलायला लागली.

"ट्रेलर कुणाचा?"

"आवारातून घेतलाय."

"मग त्या आवारवाल्याला माझ्याकडून दोन शिव्या द्या. ब्रेकांच्या यंत्रणेला जाणारी तार कापलीय. मुद्दाम. टोकाला टेप गुंडाळून वर खोचून ठेवलीय, कुणाला दिसू नये म्हणून. दिवा पेटून राहत असेल, तपासणीत अडकला असेल, म्हणून तारच छाटली. यंत्रणा गेली आणि दिवाही गेला. खाली उतरला असतात तर पहिल्या ब्रेकला मागची चाकं जाम झाली असती."

"दिवा रात्री पेटला होता," ओरेस्ट म्हणाला.

मार्नीनं ट्रेलरखालून डोकं बाहेर काढलं.

"कसा पेटेल? टोकं हिरवी पडलीत. ही तार कापून वर्ष झालं असेल."

ल्युबा तोवर उठून बाहेर आली होती, त्याचाच कोट पांघरून. तिनं सगळं ऐकलं. ओरेस्ट तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "मी काल थापा मारल्या नव्हत्या. खोटं बोललो."

एकवीस वर्षांत ती त्याच्यावर ओरडली नाही असा आठवडा गेला नसेल, आणि त्या सकाळी गप्प राहिली. नुसती बघत राहिली त्याच्याकडे. ओरेस्ट म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मार्नीनं तार जोडली. खालून म्हणाली, "आता कुणीतरी चावी फिरवा. मी इथून बघते."

ल्युबानं हात पुढे केला. ओरेस्टनं चावी दिली. रात्रभर धरून त्याच्या तळव्यावर चावीचे दात उमटले होते. तो मागे गेला, दिव्यासमोर उभा राहिला. ल्युबा डाव्या दारानं वर चढली, स्टिअरिंगमागे बसली.

दिवा पेटला नाही.

"फिरव ना!" मार्नी ओरडली.

ओरेस्ट धावतच पुढे गेला. ल्युबा स्टिअरिंगमागे बसली होती. चावी तिच्या हातातच होती, लावलेली नव्हती. ती खाली पायांकडे बघत होती.

ओरेस्ट बुटका माणूस, पाच फूट चार इंच. ल्युबा त्याच्या कानापर्यंत. त्या ट्रकची सीट कायम सगळ्यात पुढच्या खाचेत असते, एकवीस वर्षांत ती हलवायची कुणाला गरज पडली नव्हती. मार्नी कॅबमध्ये चढलेली नव्हती. वाळूवाला तर आपल्या गाडीतून उतरलासुद्धा नव्हता.

"ओरेस्ट," ती हळूच म्हणाली, "रात्री इथे कोण बसलं होतं?"

तिनं पाय ताणला. बुटाचं टोक ब्रेकपर्यंत पोचेना. सीट सगळ्यात मागच्या खाचेत होती.